तेल वड्यात केव्हा शिरतं?

तळणीच्या कढईत खदखदतं ते तेल नसतं. ते पाणी असतं.

पटत नसेल तर घरीच बघा. कढईत नुसतं तेल तापवलं की ते गपगार बसून राहतं. फार तर पृष्ठभाग जरासा थरथरतो, कडेने धुराची एखादी बारीक रेघ निघते. पण त्यात भिजवलेल्या पिठाचा थेंब पडला रे पडला, की चर्रर्र! तेल त्या वेळी १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर असतं आणि तरीही ते उकळीच्या जवळपासही नसतं. पाणी मात्र १०० अंशांवरच उकळतं. त्यामुळे पिठातलं पाणी तेलात शिरताक्षणी वाफ होऊन सुटतं. आणि पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. चमचाभर पाण्याला आठ लिटरची जागा! कढईत दिसतो तो प्रत्येक बुडबुडा म्हणजे वड्यातून घाईघाईने बाहेर पडणारं पाणी.

संध्याकाळी कोपरखैरणे स्टेशनला पश्चिमेच्या बाजूने उतरा, हा आवाज तुम्हाला गाठतोच. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी आणि मोठाल्या कंपन्यांची ऑफिसं. पश्चिमेला आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि त्यांतली घरं. दुपारचा डबा खाऊन पाच-सहा तास उलटलेले, घरी पोहोचून काही करायचं तर अजून तास जायचा, आणि या दोन्हींच्या मधोमध ती कढई. बटाटावडा पावात घालून विकण्याचं श्रेय दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्य यांना दिलं जातं, साल १९६६. स्टेशनबाहेर! जागा निवडणाऱ्याला भुकेचं भूगोलशास्त्र पक्कं ठाऊक होतं, यात शंका नाही.

पण मुद्दा त्या कढईतला आहे. वडा तीन-चार मिनिटं तेलात पूर्ण बुडालेला असतो. वरून तेल, खालून तेल. मग ते आत शिरून वड्याचा चिंब बोळा का होत नाही?

ठाण्याला ट्रान्स-हार्बरची लोकल येऊन थांबते तेव्हाचं दृश्य आठवा. डब्यातून उतरणाऱ्यांचा लोंढा इतका जोरात बाहेर येत असतो, की फलाटावरच्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. वाफेचं तसंच असतं. ती प्रत्येक छिद्रातून बाहेर ढकलत असते, म्हणून तेलाला दारातच ताटकळावं लागतं. कढईत असेपर्यंत वड्याचं तेलापासून रक्षण करतं ते त्याच्यातलंच पाणी.

आणि मग झाऱ्याने वडा बाहेर काढला जातो. आता गंमत बघा. उष्णता देणारं तेल गेलं, वाफ निवायला लागली. निवली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि सोळाशे पट फुगलेली ती एवढीशी होऊन बसते. वड्याच्या कवचातल्या बारीक छिद्रांत अचानक पोकळी तयार होते. उतरणारे संपले, डबा रिकामा झाला! बाहेर पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत खेचलं जातं.

म्हणजे तळणातलं बरंचसं तेल पदार्थात शिरतं ते कढईतून बाहेर काढल्यानंतर. हे ऐकल्यावर मी तरी अवाक झालो होतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी बटाट्याचे काप तळताना तेलात उष्णतेला टिकणारा रंग वेगवेगळ्या वेळी मिसळून पाहिला. रंग सुरुवातीला घातला काय किंवा अगदी शेवटी घातला काय, कापांमध्ये तो सारखाच सापडला. तेल तळताना हळूहळू मुरत असतं, तर उशिरा घातलेला रंग कमी सापडायला हवा होता.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ फार सरळ आहे. वडा, भजी, पुरी तेलातून काढल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं. झारा कढईवरच धरून नीट झटका, पदार्थ जाळीवर पसरून ठेवा. गरम गरम वडे एकावर एक रचून परातीत ठेवले, की वरच्यांचं तेल खालच्यांना पोचतं आणि खालचे ते मुकाट्याने पितात. ‘तेलकट नको म्हणून मंद आचेवर तळते’ हेही उलटंच आहे. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफेला जोर नसतो, कवच लवकर धरत नाही, आणि पदार्थ जास्त वेळ कढईत राहतो तो वेगळाच.

आता त्या चुऱ्याकडे वळू. कढईत तरंगणारे पिठाचे कुरकुरीत कण, जे गाडीवाला आपुलकीने मूठभर पावात घालतो. वड्याच्या पोटात उकडलेला बटाटा असतो, ओला, वाफ देणारा. तेल शिरतं ते वरच्या बेसनाच्या पातळ थरात. चुऱ्याला पोटच नाही. तो सगळाच कवच. त्यामुळे वडापावातला सर्वांत तेलकट घास हा वड्याचा नसून फुकट मिळालेल्या चुऱ्याचा असतो.

याच न्यायाने वेफर्सचा हिशेब लावा. बटाट्यात शंभरातले जवळजवळ ऐंशी भाग पाणी असतं आणि तेल म्हणाल तर नावालाही नाही. त्याचा कागदासारखा काप केला की आत काही उरतच नाही, सगळा पृष्ठभाग. पाणी जवळपास सगळं उडतं आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत तेल येऊन बसतं. शंभर ग्रॅम वेफर्समध्ये साधारण एक तृतीयांश वजन तेलाचं असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं, वाचून बघा. ज्या बटाटेवड्याला आपण उठताबसता नावं ठेवतो, तो वजनाच्या मानाने या सभ्य, चकचकीत पाकिटापेक्षा कमी तेलकट निघतो. माझ्या मते वड्याची बदनामी अंमळ जास्तच झाली आहे.

फक्त त्याच्या तेलाचं वय विचारायला हवं. तेच तेल पुन:पुन्हा तापवलं की हवेतल्या ऑक्सिजनने आणि पदार्थातल्या पाण्याने त्याचे रेणू तुटत, बदलत जातात. त्यातून काही साबणाच्या गुणाचे पदार्थ तयार होतात, आणि साबणाचं काम काय, तर तेल आणि पाणी यांचं भांडण मिटवणं! मग हे म्हातारं तेल ओल्या पदार्थाला जास्तच बिलगतं. म्हणून जुन्या तेलातली भजी नव्या तेलातल्या भज्यांपेक्षा तेलकट लागतात. १ जुलै २०१८ पासून आपल्याकडे नियम आहे, की तेलात अशा बिघडलेल्या संयुगांचं, म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’चं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल स्वयंपाकात वापरायचं नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी ‘रूको’ नावाची योजना काढली. जुनं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायचं. वड्यातून निवृत्त झालेलं तेल ट्रकच्या टाकीत! घरी मोजायला यंत्र नसतं, पण तेल काळपट, चिकट झालं, त्यावर फेस यायला लागला, की ते संपलं असं समजायचं.

बरं, एवढं सगळं कळूनही हात पाकिटाकडे जातोच. का?

पहिलं कारण कानात आहे. ऑक्सफर्डमध्ये मास्सिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या दोघांनी लोकांना माइकसमोर बसवून बटाट्याचे चिप्स चावायला लावले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला. मधल्या मधे तो आवाज ते कमीजास्त करत होते. आवाज मोठा आणि तीक्ष्ण केला की तोच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत, जास्त ताजा वाटे! चव जिभेवर ठरते असं आपण समजतो. इथे ती कानात ठरत होती. हा अभ्यास २००४ सालचा, आणि त्याला २००८ मध्ये ‘इग् नोबेल’ हे, आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं पारितोषिक मिळालं.

दुसरं कारण आहे वेग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर रुग्णालयात ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, मेद, मीठ, चोथा सारखाच वाढलेला, आणि सांगितलेलं एवढंच, की पोटभर खा. २०१९ साली निकाल आला: कारखान्याच्या जेवणावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. दोन आठवड्यांत वजन जवळजवळ किलोभर वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं.

तिसरं कारण मात्र मला सर्वांत चक्रावून टाकणारं वाटतं. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमा बघायला आलेल्यांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे, मऊ पडलेले. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची सवय नव्हती, त्यांनी शिळे बाजूला ठेवले. सवय असलेल्यांनी? त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच संपवले, आणि वर ते आवडले नाहीत असंही सांगितलं! अशीच सवय असलेली माणसं सिनेमागृहाऐवजी साध्या मीटिंगच्या खोलीत बसवली, तर शिळे पॉपकॉर्न पडून राहिले. आणि सिनेमागृहातच, पण रोजच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तरीही सवय मोडली. हात अडखळला की डोकं जागं होतं.

म्हणजे संध्याकाळी स्टेशनच्या बाहेर येऊन आपण जे मागतो, ते दर वेळी भुकेने मागितलेलं नसतं. तो जिना, ती वेळ, तो वास, ती ओळखीची गाडी, यांनी मागितलेलं असतं. चवीशी भांडण्यात फारसा अर्थ नाही; ती त्या व्यवहारात हजरच नसते. जमलं तर आठवडाभर दुसऱ्या जिन्याने उतरून बघा. आणि वेफर्स खायचेच तर डाव्या हाताने खा. (डावखुऱ्यांनी उजव्या.)

पण नुसतं सोडून कसं चालेल? त्याच वेळेला, तितक्याच झटपट, तितकंच चमचमीत काहीतरी हाती लागायला हवं. इथे आपल्या फडताळात एक चमत्कार शतकानुशतकं पडून आहे. पोहे.

शिजणं म्हणजे काय, ते आधी पाहू. तांदळातला स्टार्च घट्ट विणलेल्या कणांत असतो. पाणी आणि उष्णता मिळाली, साधारण ६० ते ८० अंशांदरम्यान, की हे कण फुगतात, त्यांची वीण उसवते, आणि दाणा मऊ होतो. भाताला वीस मिनिटं लागतात ती यासाठी. आता पोहे कसे करतात? भात, म्हणजे साळ, भिजवायची, निथळायची, भट्टीवर तापल्या वाळूत भाजायची आणि गरम आहे तोवर चेपायची. दाण्यातल्या दाण्यात पाणी मुरलेलं, बाहेरून उष्णता. म्हणजे तो तिथेच शिजला! मग चपटा केला, सुकवला. आपल्या हाती येतो तो शिजवून झालेला भात. म्हणून तर पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरले, चार-पाच मिनिटं झाकून ठेवले की खायला तयार. पेणच्या गिरणीत कुणीतरी आपला स्वयंपाक आधीच करून ठेवलेला असतो. आणि सुदाम्याने द्वारकेला जाताना बरोबर पोहेच का नेले असतील? प्रवासात टिकणारं, हलकं, चूल न मागणारं तयार अन्न होतं ते!

याच कोड्याचं दुसरं उत्तर जपानमध्ये १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी काढलं: इन्स्टंट नूडल्स. शिजवलेल्या नूडल्स झटकन सुकवायच्या कशा, म्हणजे नंतर गरम पाण्यात त्या पुन्हा मऊ होतील? आंदो यांनी त्या तळल्या. वाफ बाहेर पडताना नूडलला असंख्य बारीक छिद्रं पाडून गेली, आणि पुढे त्याच छिद्रांतून पाणी आत शिरू लागलं. युक्ती अफाट आहे, टोपी काढावी अशी. पण वाफ गेल्यावर त्या छिद्रांत काय बसतं, हे आता तुम्हाला सांगायला नको. तळलेल्या इन्स्टंट नूडल्समध्ये पंधरा-वीस टक्के तेल असतं. पोह्यांनी तेच काम वाळूवर उरकलं. दोघांनाही पाच मिनिटंच लागतात. एकाला तेलाचा थेंब लागत नाही.

वाळूचीच आणखी एक करामत म्हणजे चुरमुरे. उकड्या तांदळाला मिठाचं पाणी देऊन अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या वाळूत टाकलं, की काही सेकंदांत आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा आठ-दहा पट फुगून तसाच गोठतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत कुरकुरीत चुरमुरा ही काच आहे, खिडकीच्या तावदानाची जी अवस्था असते तीच. हवेतला ओलावा शिरला की ही काच रबरी होते. कोपरखैरण्यात, ठाणे खाडीच्या काठावर, जुलै-ऑगस्टमध्ये डबा जरा उघडा राहिला की चुरमुरे सादळलेच. ते फेकून द्यायचं काही कारण नाही. कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतले की पाणी उडतं आणि निवताना पुन्हा काच तयार होते. वेफर्समधला तो कानाला हवा असलेला आवाज इथे तेलावाचून मिळतो. त्यात दाणे, डाळं, कांदा, टोमॅटो, लिंबू. झाली भेळ.

पण चमचमीत? तळणाची सर कशाला येणार? तर येते. फोडणीला.

मोहरीचे चार दाणे नुसते चावून बघा. क्षणभर काहीच नाही, आणि मग नाकात झिणझिण्या. लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसतात तेव्हा तर डोळ्यांतून पाणी येतं. तीच मोहरी तडतडलेल्या फोडणीत मात्र सौम्य, खमंग लागते. एकच दाणा, दोन स्वभाव! कारण तिखटपणा मोहरीत तयार नसतोच. दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात: एक गंधकयुक्त पदार्थ आणि एक विकर. दाणा फुटून पाणी लागलं, की दोघं भेटतात आणि झणका जन्माला येतो. तापल्या तेलात ते विकर भेटीआधीच निकामी होतं. हिंगाचंही तसंच, डबीत नाक मुरडायला लावणारा वास गरम तेलात पडला की कांदा-लसणाच्या जवळ जातो. (हा हिंग आपण पिढ्यान् पिढ्या खातोय, पण त्याचं रोप भारतात पद्धतशीरपणे पहिल्यांदा लावलं गेलं ते १५ ऑक्टोबर २०२० रोजी, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात.) हळद, मिरची, कढीपत्ता, यांचे गंध आणि रंग बहुतेक तेलात विरघळणारे, पाण्यात नाहीत. चमचाभर तेल ते ओढून घेतं आणि पातेलंभर पोह्यांना पोचवतं. तळणात तेल जागा भरतं. फोडणीत ते निरोप पोचवतं. एका चमच्यात चाळीसेक कॅलरी, आणि वास शेजारच्या ब्लॉकपर्यंत.

हे शिकायला कुणाच्या हाताखाली उभं राहायला हवं, असंही नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याच वर्षी कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आलं, आणि त्यातली मापं होती वाटी आणि चमचा. नव्या शहरात, सासू-आई जवळ नसताना, दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्यांना ‘अंदाजाने घाल’ याचा काही उपयोग नव्हता. दीड वाटी पोहे म्हटलं की प्रश्न मिटतो.

आता फडताळातला दुसरा डबा. मटकी. इथे मात्र मी जरा थांबणार आहे, कारण हिची गोष्ट कोपरखैरण्याच्या दाराशी सुरू होते आणि पार इराकपर्यंत जाते.

तुर्भे-वाशीच्या एपीएमसीतल्या धान्यबाजारात कडधान्यांची पोती उतरतात ती माथाडी कामगारांच्या पाठीवर. यातली कितीतरी कुटुंबं कोपरखैरण्यात राहतात, आणि त्यांची गावं सातारा, सांगली, पुणे या बाजूची. पहिल्या महायुद्धात याच मुलखातली पोरं मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेली होती. सहावी पुणे डिव्हिजन तिथे कुत या गावी तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न तुटत गेलं, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. गोरे सैनिक बेरीबेरीने आजारी पडत होते आणि हिंदी सैनिक स्कर्व्हीने. एकाच वेढ्यात, दोन वेगळे रोग! गोऱ्यांच्या शिध्यात पांढऱ्या पिठाचा पाव होता, कोंड्याबरोबर त्यातलं बी-१ जीवनसत्त्व निघून गेलेलं. हिंदी सैनिकांचा आटा त्यापासून वाचवत होता, पण ताजी भाजी, फळं नसल्याने क जीवनसत्त्व मिळत नव्हतं. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, जखमा भरायच्या नाहीत.

वाळवंटात ताजी फळं आणायची कुठून? लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मेरियन डेल्फ या दोन बायकांनी वाटाणा आणि मसूर घेऊन गिनीपिगांवर प्रयोग केले. माणसाप्रमाणे गिनीपिगालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. कोरडी कडधान्यं स्कर्व्हीपुढे निरुपयोगी ठरली. तीच भिजवून मोड आणली, आणि गिनीपिग वाचले! त्यांचा निबंध १९१९ सालचा. क जीवनसत्त्व नावाचा पदार्थ प्रत्यक्ष हाती लागायला अजून दहा-बारा वर्षं होती. जे पाहताही येत नव्हतं, ते एका दिवसात दाण्यात कुठून आलं?

दाण्याने ते बनवलं. कोरडं बी जिवंत असतं, पण त्याचा श्वास जवळजवळ थांबलेला. पाणी लागलं की तो सुरू होतो, साठवलेल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, आणि नव्या पेशींना सांभाळायला लागणारं क जीवनसत्त्व ते बी स्वतः घडवतं. किलोभर मटकी मोडासाठी बांधली असेल तर गाठोड्यात हात घालून बघा. कोमट लागेल. ती ऊब त्या श्वासाची. पोटात वायू धरायला लावणाऱ्या साखराही याच सुमारास कमी होतात, कारण अंकुर त्याच खातो. आपण झोपलेलो असतो, आणि ओट्यावर फडक्यात हे सगळं चाललेलं असतं. याहून सोपा स्वयंपाक कुठला? करणारे आपण नाहीच.

फक्त ते मिळवलेलं क जीवनसत्त्व कुकरच्या पाच शिट्ट्यांनी घालवायचं नाही. उष्णतेपुढे ते टिकत नाही. मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीवर मोड टाकावेत, झाकण ठेवून एक वाफ आणावी, दाणा दाताखाली जरा कचकन वाजला पाहिजे. वरून कांदा आणि लिंबू. बरोबर पोळी-भाकरी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण धान्यात लायसिन कमी असतं आणि कडधान्यात ते भरपूर. एकमेकांची उणीव भरून निघते. आणि ही उसळ भराभर गिळता येत नाही, चावावी लागते. केविन हॉल यांच्या त्या रुग्णालयातल्या प्रयोगातला वेग आठवतोय ना?

सुरुवातीला हे सगळं अळणी वाटेल, हेही खरं. पाकिटातल्या मिठाला जीभ सरावलेली असते. पण जीभ कायमची बिघडत नाही. चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत मरतात आणि नव्या येतात. १९८२ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी काही जणांना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवलं. त्या काळात त्यांची आवडच खाली सरकली. आधी जेवढं मीठ बरं वाटायचं, तेवढं नंतर खारट लागायला लागलं.

सवयीला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर हे मोजलं. मधला आकडा आला ६६ दिवस, पण कुणाला १८ दिवस पुरले आणि कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एकवीस दिवसांचं जे आपण ऐकत आलो, ते विसरा. त्याच अभ्यासात दिसलं, की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

तेव्हा एखाद्या पावसाळी संध्याकाळी वडा खावासा वाटला तर जरूर खा. तेल फिक्या रंगाचं आहे ना ते बघा, कढईतून नुकताच काढलेला, नीट झटकलेला मागा, आणि चुरा नको म्हणून सांगा. बाकीच्या दिवसांसाठी आज रात्री वाटीभर मटकी धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घाला. सकाळी निथळून फडक्यात बांधा. कोपरखैरण्याच्या दमट उकाड्यात परवा सकाळी डब्यात न्यायला मोड आलेले असतात.